दहा मिनिटांची खिडकी

अकरावीच्या पहिल्याच दिवशी आमच्या इंग्रजीच्या सरांनी मला हाकलून दिलं. वर्गातून नव्हे, खिडकीवरून. टेबलावर त्यांनी एक लाकडी फळी उभी केली होती, फळीला खालच्या बाजूला अर्धगोल भोक होतं आणि भोकापलीकडे सर चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बसले होते. "या, अर्जदार," म्हणाले. मी गेले आणि हातातला कागद भोकातून आत सरकवला. सरांनी तो पाहिलासुद्धा नाही. "कागद कमी आहे," म्हणाले आणि परत ढकलला. मी तो उचलला आणि गुपचूप जागेवर येऊन बसले. सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "गेलं तुमचं कॉलेज," ते म्हणाले. "आता घरी जा अन् आईले सांगा, तिथं घेत नाही म्हणते म्हणून. पुढचा अर्जदार!"

हा माणूस वेडा आहे, असं मी त्याच संध्याकाळी घरी जाहीर करून टाकलं. आज मी पुसदच्या पोस्टात खऱ्या खिडकीच्या आत बसते, केस पांढरे व्हायला लागले आहेत, तरी ते मत काही बदललेलं नाही. वेडेच होते. पण असला एखादा वेडा प्रत्येक शाळेला मिळाला पाहिजे, एवढी भर त्यात आता पडली आहे.

आमची शाळा वणीहून राजूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होती, बारावीपर्यंतची. दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे. सकाळी पुसलेला बाक दुपारपर्यंत काळा. ट्रक आला की सरांचं बोलणं जिथल्या तिथं थांबायचं, शब्दाच्या मध्येसुद्धा, तोंड तसंच उघडं ठेवून. ट्रक गेला की उरलेला अर्धा शब्द बाहेर यायचा. नवीन पोरांना वाटायचं, सरांना काही झटका आला. आम्हांला त्याची एवढी सवय झाली होती की सरांचे शब्द आम्हीच मनात पूर्ण करून ठेवायचो आणि बरोबर निघाले की एकमेकींना कोपरानं ढोसायचो.

उंच, काटकुळे, बाराही महिने हातात काळी छत्री. सायकलच्या साखळीत अडकू नये म्हणून उजव्या पायाच्या पँटला कपडे वाळवायचा चिमटा लावलेला. तो काढायचं ते हमखास विसरायचे आणि तसेच वर्गात यायचे. इंग्रजीचे मास्तर, पण रस्त्यात सायकल थांबवून बांधावरच्या गवताचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगायचे. एकदा शाळेमागच्या धावड्याच्या झाडाखाली आमचा अख्खा तास गेला आणि त्यात इंग्रजीचं एक वाक्य नव्हतं. का, ते कोणी विचारलं नाही. आमच्या लेखी वेड्या माणसाला कारण लागत नव्हतं.

तर ती दहा मिनिटं. पहिला तास त्यांचा असायचा. वर्गात आले की पिशवीतून गजराचं घड्याळ काढायचे, दहा मिनिटांनी वाजेल असं लावायचे आणि पुस्तकाला हात लावू द्यायचे नाहीत. "व्यायामाआधी अंग मोकळं करतो ना आपण? तसं हे कॉलेजसाठी तोंड मोकळं करणं हाय," म्हणायचे. बुधवारी ते आमच्याकडे पाठ करून, खडूसुद्धा न उचलता, भराभर इंग्रजीत बोलायचे आणि आम्ही टिपणं काढायची. कॉलेजात तुमच्यासाठी कोणी हळू बोलणार नाही म्हणून. गुरुवारी एकेकानं उभं राहून मोठ्यानं "सर, मला समजलं नाही" एवढंच म्हणायचं. समजलं असलं तरी म्हणायचं. हे सोपं वाटतं ना? म्हणून पाहा साठ पोरांसमोर. माझ्या बाकावरची मैत्रीण पहिल्या गुरुवारी नुसती उभी राहिली आणि रडली. सर म्हणाले, "छान. आज उभी राह्यली. पुढच्या गुरुवारी बोल."

आणि सोमवार-मंगळवार खिडकी. दर जूनमध्ये, लोक लग्नकार्याच्या जेवणावळी झोडत असताना, सर स्वतः नागपूर-अमरावतीला जाऊन कॉलेजांच्या ऑफिसात प्रवेशाच्या गर्दीत उभे राहायचे. भिंतीशी टेकून बाबूलोक कसे बोलतात ते ऐकायचे, कोरे अर्ज गोळा करायचे आणि परत यायचे. मग वर्षभर आम्हांला एकेक बाबू करून दाखवायचे. वर न पाहणारा बाबू, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत बोलणारा बाबू, फोनवर साळ्याशी बोलणारा, आणि सगळ्यांत भारी म्हणजे अर्जदार वाकला रे वाकला की "जेवणाची सुट्टी" म्हणून भोकावर पुठ्ठा लावणारा. हसून हसून आमचं पोट दुखायचं. पण अर्जदार म्हणून आपला नंबर लागला की हसू जागच्या जागी विरायचं.

ते भोक मुद्दाम खाली होतं. एका पोरानं विचारलं, सर, भोक जरा वर घ्यायचं होतं ना सुताराकडून. तर म्हणाले, "खऱ्या खिडक्या अशाच असते. माणसाले वाकायले लावते. वाका. पण आवाज वाकू देऊ नका."

नियम एकच. "कागद कमी आहे" असं ऐकलं की तीन प्रश्न विचारल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. नेमका कोणता कागद? तो कुठं मिळेल? खिडकी किती वाजेपर्यंत उघडी आहे? तीन प्रश्न झाले की भले नकार घेऊन या, सर काही म्हणत नसत. न विचारता परत आलं की मात्र चेहरा पडायचा त्यांचा. रागावत नसत, नुसता पडायचा, आणि पुढचा तास नीट जमायचा नाही त्यांना. एवढं काय लावून घेतात, असं वाटायचं आम्हांला.

मुख्याध्यापकांना हे सगळं बिलकूल पसंत नव्हतं. एका मंगळवारी ते स्वतः वर्गात आले. सर फळीमागे, खर्रावाल्या बाबूच्या अवतारात. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो सर, रोजची दहा मिनिटं म्हणजे अभ्यासक्रमाचं नुकसान किती होते, विचार केला का?" फळीमागून आवाज आला, "लाईनीत या." मुख्याध्यापकांनी इकडंतिकडं पाहिलं आणि काय मनात आलं कोण जाणे, खरंच वाकले. "मला तुमच्याशी बोलायचं आहे," भोकातून म्हणाले. "अर्ज आणला का?" "नाही." "कागद कमी आहे." एवढा जाडजूड माणूस सरळ उभा राहिला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत दारापर्यंत गेला. तेवढ्यात घड्याळ वाजलं. फळीमागून सर उठून म्हणाले, "पाह्यलं का? मुख्याध्यापकबी न विचारता गेले." त्यानंतर दोन दिवस स्टाफरूममध्ये म्हणे कोणी कोणाशी बोललं नाही, पण दहा मिनिटं काही बंद झाली नाहीत.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. पाऊस पेरणीला दगा द्यायचा आणि वेचणीला यायचा. जे हाती लागे ते विकताना माणसाची दमछाक व्हायची. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची लाईन दोन-दोन दिवस हलायची नाही. वेचणीच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा असायचा. आणि माणसं बोलायची बंद झाली होती. बाहेरून आलेल्यांना ते दिसत नसेल, आम्हांला घरात दिसायचं. माझे बाबा म्हणजे पारावर गप्पांचा फड रंगवणारा माणूस. त्या दोन वर्षांत ते जेवायलासुद्धा न बोलता बसायचे. भाजी अळणी झाली तरी बोलत नसत.

बारावीच्या हिवाळ्यात ते तीन दिवसांनी केंद्रावरून परत आले आणि गाडी भरलेलीच होती. बैल सोडले, हातपाय धुतले, ओसरीवर बसले. आईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी गेले पुढं.

"काय झालं, बाबा?"

"नाही घेतला. ओला हाय म्हणे."

"किती ओला? किती वाळवाव लागन? अन् केंद्र कधीवरी चालू हाय?"

"मले काय माहीत! तो म्हणे ओला हाय, मी म्हणलो ठीक हाय."

"म्हणजे तुम्ही विचारलंच नाही?"

"ए पोट्टे, मले शिकवतं का? हो आत!"

आईनं मला दंडाला धरून आत ओढलं. चुलीपाशी मला रडू फुटलं. ओरडा खाल्ल्याचं नव्हतं ते. मला एकदम दिसलं होतं, बाबा त्या भोकासमोर वाकलेले आणि नुसते परत निघालेले. माझे बाबा! सरांचा चेहरा कसा पडायचा, ते त्या दिवशी मला आतून कळलं.

सकाळी मी दप्तर भरत होते तर बाबा दारात उभे. नजर माझ्याकडं नाही, उंबऱ्याकडं. "तो तुहा मास्तर काय काय विचारा म्हणते, सांग बरं एकडाव," म्हणाले. मी सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजून पाठ केलं. गेले. दोन ऊन दाखवून आणा, शनिवारपर्यंत घेतो, असं उत्तर घेऊन दुपारी आले. आम्ही सगळ्यांनी मिळून अंगणात कापूस पसरला. भाव काही फार लागला नाही, वाढला असता तर तीच नवलाई. पण शनिवारी गाडी रिकामी आली आणि रात्री बाबा म्हणाले, भाजीत मीठ कमी हाय. आई हसली. कितीक महिन्यांनी हसली.

निकाल लागला, मला चांगले मार्क पडले आणि नागपूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या यादीत नाव लागलं. प्रवेश घ्यायचा शेवटचा दिवस गुरुवार. नेमकी त्याच आठवड्यात आमची पहिली पेरणी मोडली होती. बाबा दुबार पेरणीत अडकलेले, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, गेला असता तर वर्षच गेलं असतं. माझं कॉलेज की शेत, असा सरळ प्रश्न होता आणि घरात त्याचं उत्तर सगळ्यांना माहीत होतं. आत्या म्हणालीसुद्धा, पोरीच्या जातीला नागपूर कायले पाहिजे, वणीले काय कॉलेज नाही का? वणीला कॉलेज होतं. पण मला जायचं होतं नागपूरलाच. बाबांनी ऐकून घेतलं आणि सायकल काढून सरांच्या घरी गेले. "उद्या तुमची अर्जदार तुमच्याच संगं धाडतो," एवढंच म्हणाले म्हणे.

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. सर छत्री गुडघ्यात धरून बसलेले. सगळ्या वाटेत चार शब्द बोलले असतील. कॉलेजात पोचलो तर ही लाईन, व्हरांड्यातून जिन्यावर, जिन्यावरून अंगणात. खिडकीशी पोचेपर्यंत दीड वाजला. वाकले, फाईल आत दिली. आतल्या माणसानं कागद पत्त्यांसारखे पिसले, वर न पाहता म्हणाला, "कागद कमी आहे. पुढचे या." आणि फाईल परत.

हुबेहूब! तेच भोक, तेच शब्द. मला तर हसूच येणार होतं. तेवढ्यात माझ्या मागून सरांचा हात आला आणि त्यांनी फाईल उचलली. "चाल," म्हणाले. "चाल बेटा. नाही घेत म्हणते."

मला वाटलं, परीक्षा घेऊन राहिले माझी. मी वळून पाहिलं. सरांच्या कपाळावर घाम होता आणि ते माझ्याकडं पाहतच नव्हते. फाईल छातीशी धरून लाईनीतून माघारी निघाले होते, भराभर, कोणी हाक मारेल या भीतीनं निघावं तसे. हे नाटक नव्हतं. दोन वर्षं ज्यानं आम्हांला एकही सोमवार चुकू दिला नाही, तो माणूस खिडकीवरून परत चालला होता.

क्षणभर माझे पायही त्यांच्यामागं निघाले, खोटं कायला बोलू? सर निघाले म्हणजे निघायचंच असणार. पण मागचा मुलगा मला ढकलून पुढं घुसला आणि त्या धक्क्यानं मी जागी झाले. त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि पुन्हा वाकले.

"नेमका कोणता कागद?"

आतल्या माणसानं पहिल्यांदा वर पाहिलं. "वर्तणुकीचा दाखला."

"कुठं मिळेल?"

"तुमच्या शाळेत. कोणत्याही शिक्षकानं साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते."

"खिडकी किती वाजेपर्यंत उघडी आहे?"

"तीन."

मी धावले. सर अंगणात कडुनिंबाच्या पारावर बसले होते, फाईल मांडीवर, पायाला चिमटा तसाच. "सर, तुमची सही पाहिजे!" मी ओरडले. "वर्तणुकीचा दाखला! कोणत्याही शिक्षकाचा चालते म्हणते, साध्या कागदावर!" ते माझ्याकडं बघतच राहिले. त्यांना कळायला वेळ लागला. जो कागद कमी होता, तो द्यायला त्यांचा स्वतःचा हात पुरेसा होता, आणि ते तो हात घेऊन फाटकाकडं निघाले होते.

वहीचं पान फाडून त्यांनी लिहिलं. दोन वेळा चुकले, दोन पानं गेली. तिसऱ्या पानावर लिहिलं: सदर विद्यार्थिनीची वर्तणूक चांगली आहे. ती विचारल्याशिवाय परत येत नाही. खाली सही. खिडकीवरच्या माणसानं वाचलं, "हे कसलं वर्तन?" म्हणाला आणि शिक्का मारला. मला प्रवेश मिळाला तेव्हा अडीच वाजले होते.

परतीच्या एसटीत वरोरा मागे पडलं. मग सर खिडकीबाहेर पाहत बोलायला लागले. वर्गात बोलायचे तसं नाही, आमच्या बाबांसारखं. "मी अन् माझा बाप गेलतो अमरावतीले. मले झाडाझुडपाचं शिकाचं होतं. नाव लागलं होतं माझं. खिडकीवरचा माणूस म्हणे, कागद कमी हाय. बाप म्हणे, चाल. आलो आम्ही वापस. बापानं वाटेत एक शब्द काढला नाही, मीबी नाही. मंग एक वर्ष वावरात गेलं, मंग बाहेरून बी.ए. केलं, मंग इंग्रजी."

"कोणता कागद होता, सर?"

"तेच तं," ते म्हणाले. "मले अजून माहीत नाही. आज तू धावत आली तं वाटलं, असाच असन माहाबी. हातभर दूर."

पुढं बसलेल्या बाईचं पोर रडत होतं, कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून कोणाशी भांडत होता. मी त्यांच्या हातातली छत्री घेतली आणि माझ्या मांडीवर ठेवली. एवढंच सुचलं. वणी आल्यावर ते म्हणाले, "उद्या वर्गात पोरायले सांगाव लागन, मास्तर नापास झाला म्हणून." आणि खरंच सांगितलं त्यांनी. माझी चुलत बहीण तेव्हा अकरावीत होती, तिनं मला पत्रात कळवलं. त्या दिवसापासून म्हणे फळीमागं एखादी पोरगी बाबू होऊन बसायची आणि सर स्वतः समोर वाकायचे. कितीतरी सोमवार त्यांचा आवाज फुटायचाच नाही. पोरं थांबायची, कोणी हसायचं नाही. गजर वाजला की सर म्हणायचे, "छान. आज उभा राह्यलो."

नागपूर झालं, पोस्टात लागले, लग्न होऊन पुसदला आले. सरांची गाठ पुढं दोनदाच पडली, दोन्ही वेळा कोणाच्या तरी लग्नाच्या मांडवात, आणि मांडवात काय बोलणं होतं? ते निवृत्त झाल्याचं ऐकलं. आणखी दोन वर्षांनी एका दुपारी आमच्याच पोस्टात टपाल लावताना एक पोस्टकार्ड हातात आलं. वर माझं नाव, अक्षर ओळखीचं. तिथंच उभ्यानं वाचलं.

"अनेक आशीर्वाद. परवा अमरावतीला गेलो होतो. तेच कॉलेज, खिडकी आता काचेची आहे. लाईनीत उभा राहिलो. आतल्या मुलीला विचारलं, बेचाळीस वर्षांपूर्वी माझा कोणता कागद कमी होता? ती म्हणाली, काका, आता ते कुठून सापडणार? मी विचारलं, कुठं मिळेल? ती म्हणाली, कुठंच नाही. मी विचारलं, खिडकी किती वाजेपर्यंत उघडी आहे? मुलगी चांगली होती, हसली नाही. पाच म्हणाली. कागद काही कळला नाही. पण विचारून आलो."

खाली नाव नव्हतं. नावाच्या जागी लिहिलं होतं, "अर्जदार".